दुष्काळाचा नकाशा

दुष्काळावर बोलताना आपण बहुधा आकाशाकडे पाहून बोलतो. पाऊस आला नाही, म्हणून दुष्काळ पडला, इतके सोपे ते वाटते. आज आम्ही आपणांस आकाशाकडे न पाहता जमिनीकडे पाहावयास सांगणार आहोत. पाऊस चुकणे ही निसर्गाची गोष्ट झाली. पण चुकलेल्या पावसाचा घाव कोठे बसला, किती खोल बसला आणि कोणाच्या घरावर बसला, ही माणसांच्या व्यवस्थेची गोष्ट आहे. ती समजून घ्यावयाची तर हातात नकाशा घ्यावा लागतो. विद्यापीठातील संशोधक यास अलीकडे स्थलविश्लेषण असे भारदस्त नाव देतात. नाव मोठे असले तरी त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न खेड्यातल्या कोणाही शहाण्या माणसाचा आहे : संकट नेमके कोठे, आणि तेथेच का?

प्रारंभ घरापासूनच करू. आपण आज हिवरा आश्रमी, म्हणजे मेहकर तालुक्यात बसलो आहोत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात या भागावर लागोपाठ दोन दुष्काळ कोसळले, एक १८९६-९७ चा आणि दुसरा, त्याहून भयंकर, १८९९-१९०० चा. वऱ्हाड म्हणजे सोन्याची कुऱ्हाड, असे जिच्याबद्दल म्हटले जाई, ती ही काळ्या मातीची व कापसाची भूमी. येथे दुष्काळ शिरणार नाही असा सरकारचा आणि सावकारांचाही समज होता. तो समज या दहा वर्षांत पार कोलमडला. १८९१ च्या खानेसुमारीत वऱ्हाडची लोकसंख्या २८,९७,४९१ होती, ती १९०१ मध्ये २७,५४,०१६ वर आली. म्हणजे शेकडा सुमारे ५ ची घट झाली.

शेकडा ५ हा आकडा वाचून कोणी म्हणेल, की एवढ्या मोठ्या आपत्तीच्या मानाने वऱ्हाड थोडक्यात सुटले. पण आता नकाशा थोडा जवळ घेऊ. वऱ्हाडातील एकट्या बुलढाणा जिल्ह्याकडे पाहिले, तर १८९१ ची ४,८१,०२१ ही लोकसंख्या १९०१ मध्ये ४,२३,६१६ झालेली दिसते. ही घट शेकडा १२ ची आहे. नकाशा आणखी जवळ घेऊ. त्या वेळी या जिल्ह्यात चिखली, मलकापूर आणि मेहकर असे तीनच तालुके होते. खामगाव आणि जळगाव हे तालुके अकोला जिल्ह्यातून १९०५ मध्ये इकडे आले. या तीन तालुक्यांचे आकडे शेजारी शेजारी मांडले म्हणजे मन थबकते. मलकापूर तालुक्याची लोकसंख्या १,७६,०९२ वरून १,७३,२३४ झाली, म्हणजे शेकडा दोनही घट नाही. चिखलीची १,५१,८८३ वरून १,२९,५९० झाली, म्हणजे शेकडा सुमारे १५ ची घट. आणि आपल्या मेहकर तालुक्याची १,५३,०४६ वरून १,२०,७९२ झाली. येथे शेकडा २१ माणसे उणी झाली.

श्रोतेहो, प्रांत तोच, जिल्हा तोच, सरकार तेच आणि वर्षेही तीच. तरी मलकापुरास दुष्काळ जवळजवळ चाटून गेला आणि मेहकरात दर पाच माणसांमागे एक माणूस नाहीसे झाले. यातील सारेच मेले असे समजू नये. कित्येक पोटासाठी देशोधडीला लागले असतील, आणि मलकापुराकडे बाहेरून आलेली माणसेही त्या तालुक्याच्या आकड्यात मिसळली असतील. पण ज्या गावातून माणूस उठून जातो, त्या गावच्या दृष्टीने दुष्काळाने त्याला नेलेच. ‘वऱ्हाडात शेकडा ५’ हे वाक्य खोटे नव्हते. परंतु त्या वाक्याच्या पोटात मेहकर बुडून गेले होते. सरासरीचा हा दोष सदैव ध्यानात ठेवावा. सरासरी खोटे बोलत नाही, पण ती ज्याचे दुःख सर्वांत मोठे त्याचे नाव घेत नाही.

आता हा फरक का पडला? याचे उत्तर आपल्या बोलण्यातच आहे. आपण ‘घाटावरचे’ आणि ‘घाटाखालचे’ असे दोन शब्द रोज वापरतो. अजिंठ्याच्या डोंगररांगेने हा जिल्हा दुभंगला आहे. घाटाखाली पूर्णेचे सपाट, खोल काळ्या मातीचे खोरे. तेथे पडलेला पाऊस पूर्णेतून तापीला आणि तापीतून अरबी समुद्राला जातो. घाटावर मात्र पैनगंगा व खडकपूर्णा यांचे चढउताराचे पठार. येथले पाणी गोदावरीला आणि पुढे पूर्वसमुद्राला मिळते. एकाच जिल्ह्याचा पाऊस दोन समुद्रांस वाटून जातो. घाटाखाली मातीचा थर जाड, ओल धरून ठेवणारा. घाटावर डोंगरउतारांची जमीन पुष्कळ ठिकाणी हलकी व मुरमाड, पंधरवडा उघडीप पडली की पीक माना टाकते.

पण केवळ मातीने सारे उलगडत नाही. १८६० नंतरच्या दशकात आगगाडी आली, ती घाटाखालून. मलकापूर, शेगाव ही गावे तिच्या वाटेवर आली. कापसाच्या व्यापारासाठी जलंब ते खामगाव असा फाटाही १८७० मध्ये झाला आणि त्याचे उद्घाटन खुद्द गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो यांनी केले. दुष्काळात बाहेरचे धान्य आगगाडीने येते, ते आगगाडी जाते तेथे. मेहकरला ते यावयाचे तर बैलगाडीने घाट चढून. आणि दुष्काळात बैलच उपाशी. तेव्हा मातीचा नकाशा, पाण्याचा नकाशा आणि लोहमार्गाचा नकाशा असे तीन पातळ कागद एकावर एक ठेवून उजेडाकडे धरले, तर घाटावरचा तालुका तिन्ही कागदांवर अंधारात सापडतो. स्थलविश्लेषण म्हणतात ते याहून वेगळे नाही. एकेक कागद अर्धे सत्य सांगतो. एकावर एक ठेवले म्हणजे संकटाची जागा उमटते.

ही युक्ती जगाला फार जुनी नाही. १८५४ मध्ये लंडनमध्ये पटकी पसरली असता डॉक्टर जॉन स्नो यांनी मृत्यू झालेली घरे नकाशावर मांडली आणि ती एका हातपंपाभोवती दाटलेली दाखविली. पुढे चार्ल्स बूथ यांनी लंडनच्या रस्त्यारस्त्याला तेथील दारिद्र्याप्रमाणे रंग दिले. सीबोम राउंट्री यांनी यॉर्क शहरातील गरिबीची घरोघर मोजदाद केली. याच यॉर्क शहरात १८७२ साली जन्मलेला एक मनुष्य ही दृष्टी घेऊन आपल्या महाराष्ट्रात आला, आणि तालुक्यापाशी थांबलेला आपला नकाशा त्याने गावापर्यंत आणि घरापर्यंत नेला. त्याची थोडी ओळख करून घेऊ.

डॉक्टर हॅरॉल्ड मॅन हे रसायनशास्त्रज्ञ. इंग्लंडमधील बेडफर्डशायर परगण्यातील रिजमाँट या खेड्याची पाहणी करून, शेतीच्या गावातही शेकडा ३४ लोक पोटापुरतेही मिळवीत नाहीत, असे त्यांनी दाखविले. हिंदुस्थानात ते प्रथम चहाच्या मळेवाल्यांचे शास्त्रज्ञ म्हणून आले आणि १९०७ पासून पुण्याच्या शेतकी कॉलेजचे मुख्य झाले. पुढे ते मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याचे संचालकही होते. पुण्यातील अस्पृश्य वर्गांच्या राहणीवर त्यांनी १९१२ मध्ये निबंध लिहिला. पिकांच्या रोगावर लिहिणाऱ्या शास्त्रज्ञाला माणसांच्या वस्त्यांत शिरावेसे का वाटले? पीक जमिनीवर उभे राहते हे त्यांस ठाऊक होतेच. माणूसही जमिनीवरच उभा राहतो आणि कोणाला कोणती जमीन मिळते यावर त्याचे दैव ठरते, हे त्यांनी ओळखले होते, असे आम्हांस वाटते.

१९१७ मध्ये त्यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या खेड्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेथील खातेदार १५६ आणि जमिनीचे तुकडे ७२९. त्यांपैकी ४६३ तुकडे एका एकराहून लहान, आणि ११२ तर पाव एकराहूनही लहान. १७७१ साली या गावात एका खात्याची सरासरी जमीन ४० एकर होती. १९१५ मध्ये ती ७ एकरांवर आली होती. नंतर घरांचा हिशेब. १०३ कुटुंबांपैकी केवळ शेतीवर नीट निभावणारी ८, शेतीला बाहेरच्या मजुरीची जोड देऊन निभावणारी २८, आणि ज्यांचा जमाखर्च कसाही मांडला तरी तोंडमिळवणी होत नाही अशी ६७. म्हणजे शेकडा ६५ घरे तुटीत.

यावर आक्षेप आला असता, की एका खेड्यावरून काय सिद्ध होते? हे गाव तर शहराला लागून. खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात तेथले लोक मजुरीस जात. मॅन यांनी हा प्रश्न स्वतःच स्वतःस विचारला. त्यांनी दुसरे गाव निवडले ते मुद्दाम शहरापासून दूर, अवर्षणाच्या पट्ट्यातले, जातेगाव बुद्रुक. या कामी त्यांचे सहकारी कानिटकर हे होते, आणि तो अभ्यास १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील १४७ कुटुंबांपैकी स्थिती बरी म्हणावी अशी २२ निघाली. तुटीतली घरे शेकडा ८५. शहराच्या सावलीतल्या गावात शेकडा ६५, पावसाच्या सावलीतल्या गावात शेकडा ८५. दोन्ही गावे एकाच जिल्ह्यातली. केवळ जागा बदलली.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. जातेगावच्या शेकडा १५ घरांवरही तोच पाऊस पडत होता, जो उरलेल्या शेकडा ८५ घरांवर पडत होता. पाऊस घर पाहून पडत नाही. मग फरक कशात? कोणाची जमीन खोल, कोणाची उथळ. कोणाची विहीर, कोणाची विहीर नाही. कोणाच्या डोक्यावर सावकाराचे कर्ज, कोणाच्या पेवात दोन वर्षांचे धान्य. दुष्काळ ही या फरकांना एका दिवसात उघडे पाडणारी परीक्षा आहे. ती फरक निर्माण करीत नाही. तो फरक शांत वर्षांतच तयार होऊन बसलेला असतो.

या निष्कर्षावरून काय करावे याविषयी मतभेद झाले आणि तो वादही आपल्या इतिहासाचा मोलाचा भाग आहे. जमिनीचे तुकडे जोडले म्हणजे शेती सुधारेल असे अनेकांचे म्हणणे होते. १९१८ मध्ये डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर यांनी हिंदुस्थानातील लहान शेतखात्यांवर निबंध लिहून याला वेगळे उत्तर दिले. खाते लहान की मोठे हे एकरांवरून ठरत नाही, शेतकऱ्याच्या हाती बैल, अवजारे व भांडवल किती यावरून ठरते. आणि शेतीवर पडलेला निरुद्योगी माणसांचा भार उद्योगधंद्यांकडे वळविल्यावाचून हा प्रश्न सुटणार नाही, असा त्यांचा विचार होता. पिंपळे सौदागरच्या बाहेरच्या मजुरीवर तगलेल्या त्या २८ घरांकडे पाहिले, तर या विचारातील तथ्य पटते.

आणखी एक कागद राहिला, तोही या चळतीत ठेवलाच पाहिजे. आपल्या खेड्याची रचना आठवा. मध्ये पांढरी, भोवती काळी, आणि गावकुसाबाहेर निराळ्या वस्त्या. पाण्याचे अंतर पावलांनी मोजले तर गावची विहीर त्या वस्तीपासून शंभर पावलांवर असेल. पण जिच्या काठावर जाण्याची मुभा नाही, ती विहीर शंभर कोसांवरच म्हणावयाची. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर हजारो माणसे गेली, ती नकाशावर न दिसणारे हे अंतर ओलांडावयास गेली. पाणवठ्याचा नकाशा काढणाऱ्याने विहिरीचा ठिपका दिला, पण ती कोणाला मोकळी होती हे लिहिले नाही, तर त्याने नकाशा काढला असे आम्ही म्हणणार नाही.

मॅन यांनी वार्धक्यातही हा धागा सोडला नाही. मुंबई इलाख्यातील दख्खनच्या १८६५ ते १९३८ या ७४ वर्षांच्या पावसाचा आणि दुष्काळाचा त्यांचा अभ्यास १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांचे वय ८० च्या पुढे होते. १९६१ मध्ये ते वारले. त्यांचे पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवड शहराच्या पोटात गेले आहे. पाव एकराच्या ज्या तुकड्यात एका घराचे पोट भरत नव्हते, तसल्या तुकड्यांवर तेथे आता उंच इमारती उभ्या आहेत. जागेचे मोल कसे पालटते याचे याहून बोलके उदाहरण शोधावयास नको.

नकाशा पालटतो, हे आपल्याकडेही खरे आहे. १९०१ साली घाटाखालची माणसे दैववान ठरली होती. आज पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्याकडे पाहा. अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतील शेकडो गावांत जमिनीखालचे पाणी खारे आहे. तेच पाणी शेताला दिले तर काळी माती चोपण होऊन बसते; पिण्यास घेतले तर शरीरास अपाय. मूत्रपिंडाच्या विकारांची तक्रार त्या गावांतून वर्षानुवर्षे होत आली आहे. खोल सुपीक माती तीच, पण विहिरीच्या शेतीचे दिवस आले तसा तिचा दुसरा गुण वर आला. त्यातही, ज्याच्या घरी गोड पाणी विकत आणण्यास पैसा आहे त्याचा खारपाणपट्टा निराळा, आणि रोजंदारी करणाऱ्याचा निराळा.

राज्यानेही हा धडा काही प्रमाणात घेतला, पण फार किंमत देऊन. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात १९७३ च्या उन्हाळ्यापर्यंत सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडीत होती. त्यांत भूमिहीन होते तसे जमीनवालेही होते. त्यातून रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला. पुढे १९८४ मध्ये प्राध्यापक वि. म. दांडेकर यांच्या समितीने राज्याच्या विभागांतील विकासाचे अंतर मोजले आणि ३,१८६ कोटी रुपयांहून अधिक अनुशेष दाखविला. त्यापैकी १,२४६ कोटींहून अधिक एकट्या विदर्भाचा होता. ‘अनुशेष’ हा शब्द त्यामुळे घरोघर पोहोचला. विदर्भ मागे आहे हे समितीने आकड्यांत सांगितले, हे मोठेच काम झाले. परंतु १९०१ च्या खानेसुमारीने आपणास जे शिकविले ते विसरू नये : विदर्भाच्या आत बुलढाणा आहे, बुलढाण्याच्या आत घाट आहे, घाटावर गाव आहे आणि गावात घर आहे. विभागाच्या नावे मागितलेला पैसा शेवटच्या घरापर्यंत जातो की वाटेत सरासरीत विरतो, हे पाहणे आपलेच काम आहे.

हा केवळ इतिहास नव्हे. आजही गावाचे दैव एखाद्या ठिकाणच्या मोजमापावर ठरते. महसूल मंडळातील एक पर्जन्यमापक कित्येक गावांच्या वतीने पाऊस मोजतो. पीकविम्याचा निर्णय मंडळाच्या सरासरीवर होतो. ढगाला मंडळाची हद्द ठाऊक नसते. यंत्राजवळ तो बरसला आणि डोंगराआडच्या गावावरून कोरडा गेला, तरी कागदावर दोन्ही गावे भिजलेली. आता उपग्रह आहेत, शेताशेताचे चित्र आकाशातून घेता येते, आणि ही त्रुटी पुष्कळ कमी करता येईल. पण उपग्रहास पीक दिसते, खाते दिसत नाही. नुकसानभरपाई सातबाऱ्यावर नाव असलेल्यास मिळते. जिचे नाव कोणत्याच उताऱ्यावर नाही, अशा निंदणी-वेचणी करणाऱ्या बाईची बुडालेली मजुरी कोणत्या नकाशावर उमटते? पीक बुडाले त्याच दिवशी तिची मजुरी बुडालेली असते; आणि तिच्या पेवात धान्य कधीच नव्हते.

समारोपादाखल एक साधी सूचना करून आम्ही रजा घेतो. आपल्यापैकी पुष्कळ जण शिक्षक आहेत, विद्यार्थी आहेत. गावचा नकाशा तलाठ्याकडे असतोच. त्यावर पुढल्या उन्हाळ्यात एवढेच मांडावे : कोणती विहीर कोणत्या महिन्यात आटली, कोणत्या वस्तीला पाण्यासाठी किती चालावे लागले, आणि कोणत्या घराला कुलूप लागून माणसे कामासाठी बाहेर गेली. यास मोठी विद्या लागत नाही. डॉक्टर मॅन यांनी घरोघर फिरून जे केले, त्याचाच हा लहानसा भाग आहे. असे पाच-दहा उन्हाळे गेले, की गावापाशी स्वतःचा असा एक पुरावा जमेल, जो सरासरीपुढे ठेवता येईल.

१९०१ साली मेहकरातील ३२ हजारांहून अधिक माणसे उणी झाल्याचे खानेसुमारीने नोंदले. पण ती कोणत्या गावांतली, कोणत्या आळीतली, कोणत्या घरची, हे त्या आकड्यात कोठेच नाही. ते ज्यांना ठाऊक होते, तेही आज नाहीत. पुढे जेव्हा केव्हा आपल्या तालुक्यावर तशी वेळ येईल, तेव्हा असे होऊ नये, एवढ्यासाठी हा नकाशा आपण आपल्या हाताने काढून ठेवावयाचा आहे.